शब्द टाकणे

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. संध्याकाळची आरती नुकतीच आटोपली होती. प्रसादाची वाटी हातात घेऊन मी आरामखुर्चीत टेकतो न टेकतो तोच दारात एक तरुण येऊन उभा राहिला व म्हणाला, "सर, ओळखलंत का?"

प्राध्यापकाला पेचात पाडणारा ह्याहून अवघड प्रश्न माझ्या माहितीत नाही. मी एका कॉमर्स कॉलेजात इंग्रजी शिकवतो. म्हणजे विद्यार्थ्यांना ज्याची यत्किंचितही हौस नाही आणि ज्यावाचून त्यांची सुटकाही नाही, असा विषय शिकवतो. तीस वर्षांत माझ्यासमोरच्या बाकांवर किती पिढ्या जांभया देऊन गेल्या ह्याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. तरी नेहमीप्रमाणे "वा! न ओळखायला काय झालं?" असे मी धादांत खोटे बोललो, आणि तो मुलगा खुशीत येऊन आत आला. गणपतीपुढे पेढ्यांचा पुडा ठेवून त्याने नमस्कार केला, माझ्याही पायांना हात लावला, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसत तो म्हणाला, "सर, तुमचा एक शब्द हवा आहे."

माझ्या वयाच्या माणसाकडे शब्द मागायला येणारे पुष्कळ असतात. कोणाला मुलीसाठी वसतिगृहात जागा हवी असते, कोणाला भाच्यासाठी नोकरी. ह्या मुलाने मागितलेला शब्द मात्र अगदी नव्या तऱ्हेचा होता. सदाशिव पेठेत ज्यांची कचेरी आहे असे एक चार्टर्ड अकाउंटंट माझे शाळासोबती आहेत, हे त्याने कोठून तरी शोधून काढले होते. तो स्वतः जमाखर्चाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका नव्या कंपनीत नोकरीला होता. माझ्या मित्राने ते सॉफ्टवेअर आपल्या कचेरीत घ्यावे, आणि नुसते घेऊन थांबू नये तर आपल्या अशिलांनाही ते घ्यायला सांगावे, म्हणून मी शब्द टाकावा, एवढीच त्याची मागणी होती.

"अरे, पण सॉफ्टवेअर वापरायचं दुकानदारानं," मी म्हणालो. "मग तू दुकानदारांकडेच का जात नाहीस?"

"गेलो होतो ना, सर. पहिले दोन महिने लक्ष्मी रोडवरच्या एकेका दुकानाची पायरी चढलो. सगळे चहा पाजतात, सगळे बघून घेतात, आणि शेवटी सगळे एकच वाक्य बोलतात, की आमच्या सी. ए. साहेबांना विचारून सांगतो. आणि सी. ए. साहेब म्हणतात, आहे ते बरं चाललंय की!"

म्हणून कंपनीने आपला मोर्चा दुकानांवरून कचेऱ्यांवर वळवला होता. एकेका सी. ए. च्या हाताखाली शे-दोनशे दुकानदार असतात. तेव्हा एक दार उघडले की शंभर दारे आपोआप उघडतील, असा हा सरळ हिशेब होता. कंपनीच्या भाषेत अशा सी. ए. ला 'पार्टनर' म्हणत. दिवाळीपर्यंत असे वीस पार्टनर मिळवायचे, नाही तर डिसेंबरअखेर नोकरी कायम होण्याची आशा नाही, अशी ह्या मुलाची स्थिती होती. चार महिन्यांत त्याला दोन मिळाले होते, आणि त्यांपैकी एक त्याच्या आत्याचे यजमान होते.

त्याचे बोलणे ऐकता ऐकता मला एकाएकी माझीच आठवण झाली. दर वर्षी जून महिन्यात अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत येतात. नव्या पाठ्यपुस्तकाची एक प्रत ते मोठ्या अगत्याने माझ्या टेबलावर ठेवतात, माझ्या प्रकृतीची चौकशी करतात आणि निघून जातात. विद्यार्थ्यांच्या वाटेला ते कधी जात नाहीत. विद्यार्थी पैसे देतो, परंतु पुस्तक निवडत नाही. मी पुस्तक निवडतो, परंतु पैसे देत नाही. डॉक्टर आणि औषध ह्यांचेही असेच आहे. जमाखर्चाच्या जगापासून आपण शंभर कोस दूर आहोत अशी माझी आजवर समजूत होती. पण त्या प्रतिनिधींच्या दृष्टीने मीही एक पार्टनरच होतो की! आणि मी पुस्तक निवडतो ते फुकट मिळालेल्या प्रतीमुळे खचित नव्हे. फेब्रुवारी महिन्यात त्या पुस्तकातल्या चुका बाहेर पडतील तेव्हा वर्गापुढे मला मान वर करून उभे राहता येईल की नाही, एवढाच विचार माझ्या मनात असतो.

तरीही मी त्या मुलाला त्या दिवशी शब्द दिला नाही. "रविवारी ये, बोलू," असे सांगून त्याची बोळवण केली. तो गेल्यावर पत्नीने विचारले, "दोन ओळी लिहून द्यायला तुमचं काय जात होतं?" काय जाते हे मला ठाऊक होते, कारण एकदा ते गेलेले होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आमच्या कॉलेजातल्या सेवकांच्या पतपेढीचा मानद चिटणीस होतो. पतपेढीचे हिशेब एक वृद्ध कारकून हाताने लिहीत असत. त्यांची रोजकीर्द म्हणजे मोत्यांची रांग असे. पण ती मोती ओवण्याइतक्याच सावकाशीने तयार होई. अशा वेळी एका परिचिताच्या ओळखीने एक लहानशी कंपनी पुढे आली. तिचे सॉफ्टवेअर पाहून मी हरखून गेलो. कारकुनांनी कुरकुर केली, तिच्याकडे मी प्रगतीच्या आड येणारी म्हातारी खोड म्हणून पाहिले. सर्वसाधारण सभेत मी ह्या विषयावर अर्धा तास बोललो, आणि केवळ माझ्या शब्दाखातर सभासदांनी माना डोलावल्या.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. तिसऱ्या वर्षी ती कंपनी बंद पडली. फोन कोणी उचलीना. परवान्याची मुदत संपताच सॉफ्टवेअर उघडेना, आणि त्यावाचून आमचेच आकडे आम्हांला वाचता येईनात. त्याच सुमारास एका शिपायाच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते. त्याला कर्ज मंजूर करायचे तर त्याची ठेव किती आणि आधीच्या कर्जाचे हप्ते किती बाकी, हे सांगता यायला हवे. ते कोणालाच सांगता येईना. तीन आठवडे तो रोज माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहत असे. बोलत काही नसे, नुसता उभा राहत असे. अखेर बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात त्याने जपून ठेवलेल्या पावत्या सापडल्या व त्याचे काम निभावले. पुढे साऱ्या उन्हाळ्याच्या सुटीत त्या वृद्ध कारकुनांनी व मी पावत्यांवरून दोन वर्षांची खतावणी पुन्हा लिहून काढली. "मी म्हटलं होतं" हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

त्या प्रकरणात एक गोष्ट माझ्या कायमची ध्यानात राहिली. वार्षिक सभेत जे प्रश्न आले ते "सरांनी आणलेल्या सॉफ्टवेअर"बद्दल आले. कंपनीचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. माझे सगळ्यांच्या होते.

रविवारी तो मुलगा आला तेव्हा मी त्याला ही सारी हकिकत सांगितली. त्याने आपल्या कंपनीची तरफदारी केली नाही, हे मला आवडले. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "सर, माझी खरी अडचण ह्याहूनही मोठी आहे. माझी गाठ टॅलीशी आहे."

टॅली हे नाव मी अर्थातच ऐकले होते. कॉमर्स कॉलेजात राहून ते न ऐकणे शक्य नाही. पण त्यामागची हकिकत मी त्या मुलाकडूनच प्रथम ऐकली, आणि पुढे स्वतः थोडी वाचली. श्यामसुंदर गोयंका ह्यांचा गिरण्या-कारखान्यांना माल पुरवण्याचा व्यवसाय होता. आपल्या हिशेबाला सोयीचे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलालाच, भरत गोयंका ह्यांना, ते तयार करायला सांगितले. त्यातून १९८६ साली ही कंपनी उभी राहिली; तिचे ठाणे बंगळूरला आहे. १९९९ मध्ये तिने टॅली सोल्यूशन्स हे नाव धारण केले, आणि २०२० साली भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. त्या काळच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला एक सांकेतिक आकडा द्यावा लागे. परंतु आपल्या मुनिमाला खाते आठवते ते नावाने, आकड्याने नव्हे. टॅलीने ती आकड्यांची भानगडच काढून टाकली. ज्या नावाने खाते वहीत आहे त्याच नावाने ते यंत्रात लिहा, असे तिने सांगितले, आणि मुनिमाला ते यंत्र परके वाटेनासे झाले.

मग काळही तिच्या मदतीला धावला. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला. १ जुलै २०१७ रोजी देशभर जी. एस. टी. सुरू झाला. अशा प्रत्येक वळणावर हजारो दुकाने वहीकडून यंत्राकडे ढकलली गेली, आणि ढकलली गेली ती ज्या वाटेची त्यांच्या सी. ए. ला माहिती होती त्याच वाटेने. कचेरीत आर्टिकलशिप करणारी मुले टॅलीवर शिकतात. कारकून हवा असल्याच्या जाहिरातीत 'टॅली येणे आवश्यक' अशी ओळ असते. अशील आपले आकडे पाठवतो तेही टॅलीतच. म्हणजे नव्या कंपनीला झुंजायचे असते ते एका कंपनीशी नव्हे. हजारो बोटांच्या सवयीशी. इन्ट्युट ही १९८३ साली स्थापन झालेली बलाढ्य अमेरिकन कंपनी. तिचे क्विकबुक्स तिकडे घरोघरी ठाऊक. परंतु २०२३ साली तेही भारतातून निघून गेले.

"मग तुमच्या कंपनीला काय वाटतं, तुम्ही कसे जिंकणार?" मी विचारले.

त्यावर त्याने मला न्यूझीलंडची गोष्ट सांगितली. २००६ साली वेलिंग्टन शहरात रॉड ड्ररी आणि हॅमिश एडवर्ड्स ह्यांनी झीरो नावाची कंपनी काढली. ह्या दोघांपैकी एडवर्ड्स स्वतः अकाउंटंट. कंपनीने अकाउंटंटांना हाताशी धरले, त्यांना शिकवण दिली, आणि ज्या कचेरीने जितके अशील आणले त्या मानाने तिला कांस्य, रौप्य, सुवर्ण व प्लॅटिनम अशा पायऱ्या बहाल केल्या. माझ्या ह्या विद्यार्थ्याच्या कंपनीनेही तोच कित्ता गिरवायचे ठरवले होते. त्याच्या पिशवीत एक छापील प्रशस्तिपत्र, एक काचेचे मानचिन्ह आणि दलालीच्या दराचा एक सुबक तक्ता होता.

ते मानचिन्ह पाहून मला हसू आले, आणि त्या मुलाची दयाही आली. मी ठरवले, की शब्द टाकायचा नाही. पण त्याला माझ्याबरोबर घेऊन जायचे. ओळख करून देणे ही काही जामिनकी नव्हे, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली.

माझ्या मित्राची कचेरी एका जुन्या वाड्याच्या माडीवर आहे. जिन्यापासूनच दोऱ्यांनी बांधलेल्या फायलींचे ढिगारे लागतात. आत आठ-दहा मुले-मुली यंत्रांसमोर मान मोडून बसली होती. मला पाहताच मित्र म्हणाला, "ये. पण दिवस कोणते निवडलेस! अरे, सप्टेंबर महिना आहे. लेखापरीक्षणाच्या मुदती डोक्यावर आहेत. ह्या महिन्यात आम्ही घरच्या गणपतीलासुद्धा अर्धवट आरती करून निघतो." मी त्या मुलाकडे पाहिले, त्याचा चेहरा उतरला होता. दिवाळीपर्यंतचे वीस हा आकडा ज्याने कोणी ठरवला, त्याला सप्टेंबर म्हणजे काय हे बहुधा ठाऊकच नसावे.

मुलाने आपला तक्ता पुढे केला. मित्राने तो एका बोटाने हळूच मागे सारला. "हे ठेवून दे. ज्याच्या वह्या मी तपासायच्या, त्याला वही विकल्याची दलाली मी घेऊ? उद्या त्या वहीतच खोट निघाली, तर माझ्या अहवालाला कोण विचारील?"

माझ्या मनात आले, की हा व्यवसायच मोठा चमत्कारिक आहे. अशिलांच्या दारी जाऊन काम मागायला ह्या लोकांना १९४९ च्या कायद्याने मनाई आहे. ज्यांनी कोणाच्या दारी जायचे नाही, त्यांच्या दारी मात्र दिवसभर विकणाऱ्यांची रीघ!

मित्राचा मुलगा त्याच कचेरीत भागीदार आहे. तो पलीकडच्या टेबलावरून म्हणाला, "बाबा, दलाली राहू दे. पण सॉफ्टवेअर चांगलं आहे, मी पाहिलंय. बँकेच्या नोंदी आपोआप येतात. मुलांचे निम्मे तास वाचतील."

"वाचतील ना. मग अशील विचारील, काम निम्म्या वेळात होतं तर फी तेवढीच का?"

"आपण सल्ला द्यायचा, बाबा. सल्ल्याची फी घ्यायची."

"सल्ल्याची फी खुशीनं देणारा एक तरी अशील मला दाखव," मित्र म्हणाला, "मी उद्याच त्याचा सत्कार करतो."

सगळेच हसलो. पण ह्या थट्टेत जी अडचण होती ती खरी होती. कंपनी ज्या वेळेची बचत देणगी म्हणून पुढे करत होती, तीच वेळ ह्या कचेरीची आजवरची कमाई होती. ती सोडायची तर धंद्याची सारी घडी नव्याने बसवावी लागणार. शिवाय भागीदार तीन. मुलगा 'हो' म्हणत होता, बाप 'पाहू' म्हणत होता, आणि तिसरे वयोवृद्ध भागीदार आत बसून कोणाचेच ऐकत नव्हते.

मग मित्र गंभीर झाला. "हे बघ," तो मुलाला म्हणाला, "१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम आहे. ती नोंद वर्षभर चालू होती की नाही, हे अहवालात मला माझ्या सहीनं लिहावं लागतं. म्हणजे तुझ्या यंत्राबद्दल मी सरकारला लिहून देणार. आणि तू मला काचेचं मानचिन्ह देतोस! त्यापेक्षा मला तीन प्रश्नांची उत्तरं दे. तुमची कंपनी उद्या बंद पडली तर माझ्या अशिलाचा जमाखर्च मला कोणत्या रूपात परत मिळेल? मुदतीच्या आदल्या रात्री काही अडलं तर फोन कोण उचलील? आणि माझ्या कचेरीला हे फुकट का देता?"

पहिला प्रश्न ऐकून मी चपापलो. पतपेढीच्या वेळी हाच प्रश्न मी विचारायला हवा होता. मुलाने मात्र लगेच आपले यंत्र उघडले, आणि सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून दाखवल्या. त्या वाचायला त्याच्या सॉफ्टवेअरची जरूर नव्हती. दुसऱ्या प्रश्नावर त्याने कंपनीचा छापील क्रमांक सांगितला, मग जरा थांबून कागदावर आपला स्वतःचा क्रमांक लिहिला. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला. त्याला पढवलेले उत्तर असणारच; ते त्याच्या ओठांवर येऊन परत गेलेले मला दिसले. शेवटी तो म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? दुकानदार आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. म्हणून."

मित्र क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. "हे पहिल्यांदा सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. "अशिलांचं नंतर पाहू. दिवाळी झाली की आधी माझ्या ह्या कचेरीचाच जमाखर्च तुझ्या यंत्रात घालू. तीन लहान अशील कबूल असतील तर त्यांचाही. एक मार्च पार पडू दे. मग बोलू."

जिना उतरताना मुलगा खिन्न होता. "एक मार्च, सर! आणि मला डिसेंबरपर्यंत वीस हवेत."

त्याचे मन दुसरीकडे वळवावे म्हणून मी त्याला टॅली ह्या इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगितली. पूर्वी इंग्लंडात देण्याघेण्याचा हिशेब लाकडी काठीवर खाचा पाडून ठेवत. मग ती काठी उभी चिरत. एक तुकडा देणाऱ्याजवळ राही, दुसरा घेणाऱ्याजवळ. पुढे दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवून पाहायचे. खाचांना खाचा जुळल्या की हिशेब खरा. आपण ताळा जुळला म्हणतो तसेच. १८२६ पर्यंत सरकारी खजिन्यात ह्या काठ्या चालू होत्या. त्या मोडीत काढल्यावर १८३४ मध्ये जाळायला घेतल्या, आणि त्या आगीत पार्लमेंटची जुनी इमारत जळून गेली. मुलगा हसला, पण मी बोलता बोलता विचारात पडलो. काठीचा एक तुकडा विकता येतो. दुसरा तुकडा समोरच्याच्या हाती असतो, आणि दोन्ही भिडवून पाहायला दिवस जावे लागतात. कंपनीची घटका तीन महिन्यांत भरते. हिशेबनिसाची भरायला अख्खे वर्ष लागते. माझ्या मित्राचा नकार हा काही नव्याचा तिटकारा नव्हता. अशिलापुढे टाकायचा शब्द त्याच्याजवळ एकच होता, आणि तो फसला तर परत उचलता येत नाही हे तो जाणून होता. मी पतपेढीच्या सभेत अर्धा तास बोललो तेव्हा मला ते ठाऊक नव्हते.

दिवाळीपर्यंत वीस काही झाले नाहीत, सात झाले. कंपनीने मुलाला काढले नाही, पण जानेवारीत पुण्याहून उचलून नागपूरला धाडले. पुण्यात त्याच्या जागी दुसरा कोणी आला. तो माझ्या मित्राकडे एकदा येऊन नवे मानचिन्ह ठेवून गेला, असे पुढे कळले.

मार्चअखेरीस एका रात्री अकराच्या सुमारास मित्राच्या कचेरीत काहीतरी अडले. कंपनीच्या छापील क्रमांकावर गाणे वाजत राहिले. तेव्हा मित्राच्या मुलाने कागदावर लिहून ठेवलेला तो दुसरा क्रमांक शोधून काढला. नागपुरात तो मुलगा झोपला होता. आता हे काम त्याचे नव्हते. त्याचा पगार किंवा बढती ह्यात त्याने काही फरक पडणार नव्हता. तरी तो उठून बसला, आणि दीड तास फोनवर राहून त्याने ते निस्तरून दिले.

एप्रिलमध्ये मित्र मला भेटला तेव्हा म्हणाला, "तुझ्या त्या विद्यार्थ्याचं काम ठीक आहे." चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या ओळखीत त्याच्या तोंडून ह्याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. मी त्याला कंपनीचे नाव विचारले. तो कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. नाव काही त्याला आठवेना. मुलाचे नाव मात्र त्याने आडनावासकट सांगितले.

"मग आता अशिलांना सांगणार का?"

"आणखी एक मार्च जाऊ दे," तो म्हणाला.

आता पुन्हा श्रावण लागला आहे. परवा नागपूरहून त्या मुलाचा फोन आला होता. त्याची नोकरी कायम झाली. गणपतीला पुण्यात येतो आहे, तेव्हा पेढे घेऊन येईनच, म्हणाला. जाता जाता त्याने सांगितले, की कंपनीच्या तक्त्यात माझ्या मित्राच्या कचेरीपुढे अजून 'न मिळालेली' असाच शेरा आहे. मला ते ऐकून वाईट वाटले, आणि गंमतही वाटली. त्या तक्त्यात जे नोंदले गेले नाही, ते त्या माडीवर एका चिठोऱ्यावर लिहून ठेवलेले आहे.

आमच्या पतपेढीत यंदा पुन्हा नवे सॉफ्टवेअर घेण्याचा विषय निघाला आहे. नवे चिटणीस माझे मत विचारायला आले होते. मी त्यांना माझ्या मित्राचे तीन प्रश्न लिहून दिले. त्यांच्याखाली त्या मुलाचे नाव लिहावे असे फार मनात आले. लेखणी कागदावर टेकलीही. पण मी ती उचलली. गणपतीत तो येईल, तेव्हा आधी त्याच्याशी बोलेन म्हणतो.